वरचा शुक्रवार आणि खालचा शुक्रवार

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी "पाण्याचा सल्लागार आहे" एवढंच सांगून विषय बदलतो. गेल्या दिवाळीत इथे आखातातच, अल मनखूल भागात, ओळखीच्यांकडे फराळाला गेलो होतो. तिथे यजमानांच्या मेव्हण्याने पिच्छा सोडला नाही.

"नदीच्या खोऱ्याचं काम म्हणजे? इथे नदी कुठली? ती खाडी, क्रीक, म्हणताय का?"

"नाही, वादी. डोंगरातली."

"म्हणजे ओढा."

"ओढाच. बरेच महिने कोरडा असतो."

"आणि त्याचं तुम्ही मॅनेजमेंट करता."

"दोन अमिराती मिळून करतात. मी मध्ये असतो."

त्याने चकली मोडली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "छान आहे. आपल्याकडे धरणं भरलेली असतानासुद्धा दोन राज्यांचं जमत नाही." ते कौतुक होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

ही वादी वरच्या अंगाला एका अमिरातीत आहे आणि खालच्या अंगाला दुसऱ्या. अमिरातींची नावं लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं माझ्याशी चांगली वागली आहेत, आणि मला अजून काही वर्षं तिथेच नोकरी करायची आहे. वरच्या भागात, दोन कड्यांच्या सावलीत, एक डोह आहे. उन्हाळ्यात बाकीची वादी आटली तरी तो राहतो. त्या डोहात बोटाएवढा, मातकट रंगाचा मासा राहतो. तो या डोंगरांखेरीज जगात कुठेही नाही. दिसायला काही विशेष नाही. दोन अमिरातींच्या आमच्या संयुक्त पाणी-कार्यक्रमाच्या पत्रकावर त्याचा फोटो बराच मोठा करून छापला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष बघायला येणाऱ्या पाहुण्यांची निराशा होते.

हा मासा जगला पाहिजे असं दोन्ही अमिरातींनी मिळून ठरवलं. मग आसपासच्या शेतांचा प्रश्न आला, कारण शेतांच्या विहिरी आणि डोह यांचं पाणी जमिनीखाली एकच आहे. डोहात एक मोजपट्टी उभी केली आहे आणि तिच्यावर लाल खूण आहे. पाणी त्या खुणेखाली गेलं की शेतांचे पंप बंद करायचे आणि त्याबदल्यात शेतांना टँकर द्यायचे. टँकरचं पाणी समुद्राचं, खालच्या अमिरातीच्या कारखान्यात गोडं केलेलं. म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करायचं, ट्रकमध्ये भरायचं, डोंगरावर चढवायचं आणि खजुराला घालायचं, म्हणजे डोंगराचं पाणी माशाला राहील. ही योजना मीच आराखड्यात बसवली आहे. मला ती पटतेही. फक्त मोठ्याने सांगताना मध्ये थांबावं लागतं.

या कामाचा घरात एकच परिणाम झाला. अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन उत्तम शॉवर आहेत, आणि मी बादलीने आंघोळ करतो.

"त्याने डोहाला फरक पडतो का?" बायकोने एकदा विचारलं.

"नाही. हे पाणी समुद्राचं आहे."

"मग?"

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट इव्हन द सेम वॉटर."

दोघींचंही बरोबर होतं. बादली तशीच राहिली.

आता शुक्रवाराबद्दल सांगायला हवं. वरच्या अमिरातीत सरकारी सुट्टी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी असते. खालच्या अमिरातीत शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि मग शनिवार-रविवार. वादीला हे माहीत नाही. पंप बंद करून टँकर सोडायचा हुकूम पुरा व्हायला दोन्हीकडच्या सह्या लागतात आणि सह्यांचा क्रम करारात कुठेही लिहिलेला नाही. पण पहिल्या बैठकीत खालच्या अधिकाऱ्याने अदबीने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "पाणी तुमच्याकडून येतं, आधी तुम्ही." तेव्हापासून वरचे आधी सही करतात, मग खालचे. खालच्यांची सही झाली की टँकर सुटतात, कारण टँकर त्यांचे. वरच्यांची सही झाली की शेतांच्या पंपांना सील लागतं, कारण ती शेतं वरच्या हद्दीत. या रीतीमुळे कोणाचा कधी अपमान झालेला नाही.

डोहाला सगळ्यात जवळचं शेत एका निवृत्त लष्करी माणसाचं आहे. तो शहरात राहतो. शेत सांभाळतात ते चाचा, दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. इथे आले तेव्हा पंचविशीत होते, आता साठीला टेकले आहेत. मालकाला ते इथल्या रिवाजाप्रमाणे अरबाब म्हणतात. पहिल्या भेटीत मी त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी मराठीत बोला. तुमचं हिंदी ऐकून बकऱ्या उठून बसल्या."

त्या उन्हाळ्यात चाचांची एकच काळजी होती. अरबाबच्या मुलांना शेताच्या जागी विश्रामगृह बांधायचं होतं. अरबाब वडिलांच्या झाडांसाठी अडून बसला होता. पण मुलांना त्याने कबूल केलं होतं की यंदा खजूर नीट आला नाही तर तो हट्ट सोडेल. शेत गेलं की चाचांचा व्हिसा कॅन्सल, आणि साठीच्या माणसाला नवीन व्हिसा कोण देणार. चाचांनी हे मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. टँकर कधी येतात, किती येतात, हे ते बारकाईने विचारत होते, म्हणून मी कारण विचारलं.

"तुमचा मुलगा काय करतो गावी?" मी विचारलं.

"त्याची बोट आहे. चांगला चाललाय त्याचा. पण मी तिकडे जाऊन काय करू? त्याला मासळीतला सगळा कळतो, मला काय कळत नाय. मला खजूर कळतो. आमच्या गावात खजूर नाय."

जुलैत एका गुरुवारी सकाळी मोजपट्टीवरचं पाणी लाल खुणेला टेकलं. मी ऑफिसात होतो. मोजपट्टीचा आकडा माझ्या फोनवर येतो. मी हिशेब मांडला. आज सह्या झाल्या नाहीत तर वरचं ऑफिस थेट सोमवारी उघडणार. तोवर सगळे पंप त्या उन्हात चालू राहणार, आणि सोमवारी डोहाच्या जागी चिखल असेल. मी वरच्या अधिकाऱ्याला फोन केला. तो निघायच्या तयारीत होता, पण भला माणूस, थांबला. दुपारी त्याची सही झाली. त्याच्या निरीक्षकालाही तीन दिवसांची सुट्टी लागणार होती, त्यामुळे त्याने जेवण पुढे ढकलून लगेच जाऊन पंपांना सील ठोकलं. सरकारी काम इतक्या वेगाने झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी खूश होतो.

मग खालच्या अधिकाऱ्याला फोन केला.

"हबीबी, उद्या सकाळी पहिलं काम हेच," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

मी आभार मानले आणि घरी गेलो. इतकी वर्षं इथे राहून या उत्तरावर मी घरी गेलो, हे मला लिहिताना जड जातं. आधी टँकर पक्के करायचे, मग पंप बंद करायचे, हे कोणालाही सुचलं असतं. मला सुट्टीच्या आत काम उरकायचं होतं. दोन अमिरातींच्या सुट्ट्यांचा रंगीत तक्ता माझ्याच भिंतीवर आहे, मीच केलेला.

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. चाचांचा फोन आला.

"साहेब, टँकर?"

"सकाळी नाही आला?"

"आला असता तर फोन कशाला केला असता?"

मी खालच्या अधिकाऱ्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला. मागे मुलांचा आरडाओरडा आणि गाडीच्या वायपरचा आवाज. तो गुरुवारी संध्याकाळीच कुटुंबाला घेऊन सलालाला निघाला होता, ओमानात. तिथे या दिवसांत पावसाची भुरभुर असते आणि आखातातली निम्मी माणसं ती बघायला जातात. पाण्याच्या खात्यातला माणूस पाऊस बघायला गेला होता. त्यात चूक काहीच नाही.

"सोमवारी," तो मनापासून वाईट वाटून म्हणाला. "मी आल्या आल्या. इथे फार सुंदर आहे, तू पण ये."

मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "तुझ्या माशांना शुक्रवार कळत नाही का?"

"मासे ठीक आहेत," मी म्हणालो. "मासेच तेवढे ठीक आहेत."

दीड तासाने शेतावर पोचलो. चाचा झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. शेताची टाकी रिकामी होती. विहीर उतरल्यामुळे गेले दोन आठवडे पाणी एक दिवसाआड मिळत होतं आणि जमीन तिथली सगळी खडीची, पाणी धरत नाही. खजुराचं झाड तीन-चार दिवसांत मरत नाही, पण फळ पिकायच्या वेळी पाणी तुटलं की घड टोकाकडून सुरकुतायला लागतो. कडेच्या दोन ओळींमध्ये ते दिसायला लागलं होतं. चाचांनी एक खजूर तोडून माझ्या हातावर ठेवला. बोटांनी दाबल्यावर तो परत फुगला नाही.

पंपाच्या स्विचला तार गुंडाळून वर शिशाचं सील होतं. मी ते बघत होतो हे चाचांनी बघितलं.

"तोडायला पक्कड आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत कोण येत नाय. पण मी आपल्या मनानं तोडणार नाय. तुमी सांगा, मी तोडतो."

"मी कसं सांगू?"

"मग तोडू नको असं सांगा. काय तरी सांगा."

मी म्हणालो, आधी डोह बघू. आम्ही वादीतून दगडांवरून चालत गेलो. डोह एखाद्या मोठ्या खोलीएवढा उरला होता. पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं, पण काल दुपारनंतर तिथेच थांबलं होतं. सील लावल्याचा परिणाम. मासे कड्याच्या सावलीत गर्दी करून होते. चाचांनी पाण्यात हात घातला तसे ते येऊन बोटांना टोचायला लागले.

"मॉलमध्ये पैशे घेतात याचे," चाचा म्हणाले. "आमची सून आलेली तेव्हा पाय घालून बसलेली."

"चाचा, पंप चालू केला तर हे जातील."

"ठावक आहे मला. मी काय आज बघतोय काय ह्यांना?" त्यांनी हात बाहेर काढून लुंगीला पुसला. "पण ह्यांच्या व्हिशाचा तुमी बघता. माझ्या कोण बघतो?"

मी फोन काढला आणि खाजगी टँकरवाला शोधायला लागलो. कार्यक्रमाच्या नियमात खाजगी टँकरचा उल्लेख नाही. परवानगीही नाही आणि बंदीही नाही. मी ते नियम लिहिताना हा मुद्दा विसरलो होतो, आणि त्या क्षणी मला स्वतःच्या विसराळूपणाचं बरं वाटलं.

संध्याकाळी उन्हं कलताना एक पठाण टँकर घेऊन आला. निळा ट्रक, आरशाला काळ्या रिबिनी. चाचांनी पाइप लावला, पाणी टाकीत पडायला लागलं. मी टाकीजवळ उभा राहून चेहऱ्यावर पाणी मारलं. पाणी थंड होतं. कारखान्याचं पाणी उन्हात तापत येतं, ते कधी थंड नसतं.

"खानसाब, पानी कहाँ से भरा?" मी विचारलं.

"इधर नीचे, वादी में कुआँ है ना बड़ा वाला. नज़दीक पड़ता है," तो म्हणाला. "एकदम मीठा पानी है साहब, आप फ़िकर मत करो."

ती विहीर मला माहीत होती. खालच्या अमिरातीच्या हद्दीत, आमच्याच खोऱ्यात, आमच्याच यादीवर. वरच्या पंपांना सील लागलं की तिलाही सील लागायला हवं, पण ते खालच्या सहीवर अवलंबून होतं आणि सही सलालाला होती. म्हणजे वरचं पाणी थांबवून मी तेच पाणी खालून उपसून परत वर आणत होतो, डिझेल जाळून.

चाचा माझ्याकडे बघत होते. पाइपमधून पाणी टाकीत धो धो पडत होतं.

"बंद करू काय?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"दुसरी फेरी सांगू त्याला?"

मी टाकीत डोकावून पाणी कुठवर आलं ते बघितलं. मग म्हणालो, "आणखी एक सांगा. दोन नको." हा आकडा कुठल्या शास्त्राने काढला, हे मला आजही सांगता येणार नाही. चाचांनी खानला एक बोट दाखवलं. खान म्हणाला, "खलास?" चाचा म्हणाले, "साहब से पूछ."

त्या पाण्यात आतल्या ओळी भिजल्या. कडेच्या दोन ओळींपर्यंत पुरलं नाही. शनिवार-रविवार मी तिथे नव्हतो. घरी होतो आणि फोनवर मोजपट्टी बघत होतो. डोह आणखी दोन बोटं उतरला आणि थांबला. मासे राहिले.

सोमवारी दोन्ही सह्या झाल्या. त्या आठवड्याच्या बैठकीत मी सगळं सांगितलं: घाई माझी, टँकर माझा, पाणी खालच्या विहिरीचं. कॉफी आली होती, दोन्ही अमिरातींचे खजूर टेबलावर होते. मग वरचा अधिकारी म्हणाला की चूक आमची, निरीक्षकाने थांबायला हवं होतं. खालचा म्हणाला, छे, चूक आमची, मी गाडीतून सही करायला हवी होती. मग दोघांनी एकमेकांना खजूर दिले आणि मला पण दिला. मला शिक्षा हवी होती असं मी म्हणणार नाही, पण निदान कोणीतरी भुवई उंचावेल अशी अपेक्षा होती. इतिवृत्तात एवढंच लिहिलं गेलं की सुट्ट्यांचा समन्वय सुधारावा. ते काम मला दिलं.

ऑगस्टच्या शेवटी अरबाब शेतावर आला. उंच, काठी टेकत चालणारा, फार कमी बोलणारा माणूस. चाचा मागे दोन पावलं, मी त्यांच्या मागे. आतल्या ओळींचा खजूर चांगला उतरला होता. कडेच्या ओळींचे घड चाचांनी लपवले नव्हते. ते तसेच लोंबत होते, चामड्यासारखे. अरबाबने एक खजूर तोंडात टाकला, चावला आणि थुंकला. मग मला अरबीत विचारलं, "माशांचा माणूस तू?"

मी हो म्हणालो. हे तुझ्यामुळे झालं का, असं तो विचारेल म्हणून मी वाक्य तयार ठेवलं होतं. त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं की शेताचं अर्धं पाणी कायमचं सोडून दिलं, तर उरलेल्या अर्ध्याला टँकर पक्के मिळतील का, आणि ते सुद्धा शुक्रवारी. अशी तरतूद आमच्याकडे आहे. अर्ध्या झाडांचं पाणी कायमचं सोडणाऱ्या शेताचा टँकरचा हक्क पहिला. मी म्हणालो, मिळतील. "लेखी," तो म्हणाला. मी म्हणालो, लेखी.

मुलांना त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. अर्ध्या जागेत विश्रामगृह होणार आणि अर्ध्यात झाडं राहणार असं ठरलं. चाचांचा व्हिसा आणखी दोन वर्षांसाठी झाला. ते मला त्यांनी फोनवर सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. "झाला," म्हणाले. "अरबाब बोलला, अर्धा शेत तर अर्धा काम, पगार पुरा. आता तुमी कधी येताय झाडांवर खुणा करायला? माझ्या एकट्याच्यान नाय होणार."

नियमाप्रमाणे पाणी बंद केलेल्या झाडांवर रंगाची खूण करावी लागते, म्हणजे पुढे कोणी गुपचूप पाणी घातलं तर कळतं. ती शेतमालकाच्या माणसाने करायची आणि कार्यक्रमाच्या माणसाने हजर राहायचं. मी गुरुवारी गेलो, ऊन कमी झाल्यावर. चाचांनी लाल रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि ब्रश स्वतः घेतला.

कडेच्या ओळी पटकन झाल्या. चाचा एकेका खोडावर एक पट्टा ओढत होते आणि मी मागोमाग डबा घेऊन चालत होतो. त्या ओळी अर्ध्याला पुरल्या नाहीत, आतलीही काही घ्यावी लागणार होती. आत आल्यावर त्यांचा वेग कमी झाला. एका झाडापाशी थांबले, वर बघितलं, पुढे गेले. पुढच्यापाशी थांबले, परत मागे आले.

"हिला राहू दे," ते म्हणाले. "ही गोड देते."

"राहू द्या. पण मग तिच्याऐवजी दुसरी लागेल, चाचा. अर्धी म्हणजे अर्धी."

"तेच्यात काय सूट नाय?"

"नाही."

"नियम तुमीच लिवलात ना?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. आजूबाजूच्या झाडांवरून नजर फिरवली, प्रत्येकावर थोडी थांबवत, आणि शेवटी एका ठेंगण्या, वाकड्या झाडाकडे गेले. ब्रश पुढे केला. मी डबा तिरका धरला.

"जास्त नको," चाचा म्हणाले. "एका पट्ट्यापुरता."